चार स्क्रूंची भीती

अंबरनाथ पूर्वेला हल्ली दुरुस्ती करणाऱ्यांपेक्षा ‘होणार नाही’ असं सांगणारेच जास्त झाले आहेत. स्टेशनातून बाहेर पडा, शिवाजी चौक ओलांडा, कानसई सेक्शनपर्यंत चालत जा. मोबाइलची काच बदलून देणारे पावलोपावली भेटतील. काचेच्या आतलं काही बिघडलं असेल तर मात्र निदान एकच, ‘बोर्ड गेला’. बोर्डावरचं नेमकं काय गेलं हे विचारायची सोय नाही. विचारलंत तर ‘काका, टाइम नाही’ म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाला हाक.

या दुकानांतून मी माझा जुना व्हीसीआर फिरवला. पहिल्याने झाकण न उघडताच ‘भंगारात टाका’ असा निकाल दिला. दुसऱ्याने ‘हे काय आहे?’ असं विचारलं. त्याचं वय बघून मी त्याला माफ केलं. तिसरा जाणकार निघाला. डोळे बारीक करून ‘हेड गेलं असणार’ म्हणाला आणि ‘आता हेड मिळत नाही’ हे पुढचं वाक्यही त्याच दमात उरकून मोकळा झाला. प्लग लावला नाही, कॅसेट घातली नाही, स्क्रूड्रायव्हर हातात धरला नाही.

चौथा बदलापूरचा. त्याने निदान झाकण तरी उघडलं, त्याबद्दल त्याचे आभार. पण दुकान रस्त्याला लागून, दुपारचं ऊन थेट टेबलावर, आणि त्याच उन्हात त्याने यंत्र चालू केलं. कॅसेट आत गेली की यंत्र जागच्या जागी थांबे. ‘आयसी उडालाय,’ तो म्हणाला. आता, माझ्या यंत्रात लागणाऱ्या व्हीएचएस कॅसेटमधल्या टेपची दोन्ही टोकं पारदर्शक असतात. यंत्रातला एक छोटा इन्फ्रारेड दिवा कॅसेटच्या मधोमध शिरतो. टेप टोकाला आली की त्याचा प्रकाश आरपार जाऊन बाजूच्या सेन्सरवर पडतो आणि यंत्र थांबतं. उघड्या यंत्रावर ऊन पडलं तरी सेन्सरला हेच वाटतं, की टेप संपली. आयसी धडधाकट होता. फक्त टेबल सावलीत सरकवायचं होतं.

माझं सगळं आयुष्य टूलरूममध्ये, दोन-दोन थाउसाठी, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागांसाठी, सुपरवायझरशी भांडण्यात गेलं. त्यामुळे न बघता केलेल्या निदानाचा मला मनस्वी राग आहे. यंत्र घरी आणलं, झाकणाचे चार स्क्रू काढले आणि बघत बसलो. दुरुस्तीत बघत बसणं हेच पहिलं काम असतं, आणि तेच आता कुणाला परवडत नाही.

लक्षण साधं होतं. कॅसेट आत जायची, ड्रम फिरायला लागायचा, चित्र यायचं आणि काही सेकंदांत यंत्र आपोआप बंद पडायचं. कॅसेट बाहेर काढली की तिच्या तोंडाशी टेपचा फास लोंबकळत असायचा. चित्र येतंय, म्हणजे ते वाचणारं हेड शाबूत आहे. एवढं कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. चित्र येतं का, एवढं पाहण्याचीही तसदी तिसऱ्या दुकानातल्या जाणकाराने घेतली नव्हती.

आत घडतं ते असं. टेप कॅसेटमधून बाहेर ओढली जाते आणि हेडं बसवलेल्या फिरत्या ड्रमला निम्म्याहून थोडा जास्त विळखा घालते. मग कॅपस्टनचा दांडा आणि पिंच रोलरचं रबर यांच्या चिमटीतून ती पुढे सरकते. पुढे आलेली टेप दुसऱ्या रिळाने गुंडाळून घ्यायची असते. त्या रिळाला गती देणारं छोटं चाक म्हणजे आयडलर, आणि त्याच्या कडेला रबराचा टायर, अंगठीहून जरासा मोठा. वर्षं गेली की हे रबर कडक होतं, चकाकायला लागतं आणि घसरतं. चाक फिरतं, रीळ फिरत नाही, टेप आतच साचते. रिळाखालचा सेन्सर रीळ फिरल्याचे ठोके मोजत असतो. ठोके थांबले की यंत्रातला कंट्रोलर टेप वाचवण्यासाठी सगळं बंद करतो. म्हणजे ज्याला चौथ्या दुकानाने मेलेलं ठरवलं, तो आपलं रखवालदाराचं काम चोख करत होता.

टायर काढला, स्पिरिटने पुसला आणि उलटा करून बसवला. आतली न झिजलेली बाजू बाहेर आली आणि रीळ फिरायला लागलं. हा तात्पुरता इलाज. पक्का इलाज उल्हासनगरात मिळाला, कल्याणच्या दिशेने एकच स्टेशन. ज्या गावच्या नकली ‘मेड इन यूएसए’ मालाला हसत आपण लहानाचे मोठे झालो, त्याच गावात एका म्हाताऱ्या सिंधी दुकानदाराने बिस्किटाच्या जुन्या डब्यातून मूठभर रबरी रिंगा काउंटरवर ओतल्या. ‘कंपनी का नाम मत पूछो साईं, साइज देखो,’ म्हणाला. मी कॅलिपर घेऊनच गेलो होतो. तो खूश झाला आणि त्याने आणखी दोन बेल्टही दाखवले. दोन वडापावांच्या पैशांत काम झालं. आमच्या पूर्वेला ‘पार्ट मिळत नाही’ असं छातीठोक सांगणाऱ्यांपैकी कुणी ते एक स्टेशन ओलांडून गेलं असेल, असं मला वाटत नाही.

इथे जुन्या मेकॅनिकांचे गोडवे गायला मी बसलेलो नाही. तेही काही कमी नव्हते. १९८२ च्या आशियाई खेळांच्या निमित्ताने देशात रंगीत टीव्ही आला, त्याच काळात व्हिडिओचं वेड पसरलं, आणि टीव्ही, व्हीसीआर, तीन कॅसेट असा संच रात्रीपुरता भाड्याने आणून आख्ख्या चाळीने वर्गणीत सिनेमे बघायचे दिवस आले. त्या दिवसांत ‘हेड गेलं’ या दोन शब्दांवर कित्येकांचे संसार चालले. खरी गोष्ट बहुतेकदा अशी असायची, की भाड्याच्या कॅसेटमधला मळ हेडवर बसलेला असे आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या येत. साध्या यंत्रात आवाजाचं हेड वेगळं, ड्रमबाहेर असतं. म्हणून आवाज चोख आणि चित्राला मुंग्या, असं असेल तर आधी सफाई करून बघायची, हा साधा नियम. मेकॅनिक आतल्या खोलीत जाऊन सफाई करायचा आणि बाहेर येऊन नव्या हेडचे पैसे लावायचा. तेव्हाचा मेकॅनिक लुबाडायचा, आताचा हाकलून देतो. फरक एवढाच, की लुबाडणाऱ्याला काम येत होतं.

सफाईचंही शास्त्र आहे आणि ते घरी जमण्यासारखं आहे. ड्रमचा व्यास ६२ मिलिमीटर. आपल्या टीव्हीच्या पाल पद्धतीत तो मिनिटाला १५०० फेरे घेतो आणि टेपवर तिरप्या रेघांत चित्र वाचतो. एका रेघेची रुंदी ४९ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा हिस्साही नाही. ती वाचणारी हेडची टोकं फेराइटची, काचेसारखी ठिसूळ. म्हणून कानात घालायची कापसाची काडी इथे चालत नाही. तिचा धागा अडकला की टोक तुटतं. साधा पांढरा कागद आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवायचा, ड्रमला आडवा टेकवून स्थिर धरायचा आणि दुसऱ्या हाताने ड्रम सावकाश फिरवायचा. वर-खाली घासायचं नाही. कागदावर काळी-तपकिरी रेघ उमटते, तीच तुमची ‘गेलेली’ हेडं. एक इशारा मात्र गंभीरपणे देतो. प्लग काढला तरी पॉवर सप्लायच्या मोठ्या कंडेन्सरमध्ये बराच वेळ चार्ज राहतो. तिथे बोट घालून शौर्य दाखवू नये.

यंत्र सुरू झालं, आता कॅसेटी. तिथे तर आपण नीचपणाची हद्द केली आहे. हळदीकुंकवाचे स्टीलचे डबे आपण कागदात गुंडाळून ठेवतो आणि लग्नाची कॅसेट माळ्यावर, गळक्या भिंतीला लागून. पावसाळ्यात आमच्याकडे चपलांना बुरशी येते, तिथे टेपची काय कथा! कॅसेटच्या खिडकीतून रिळावर पांढरी भुकटी दिसली तर ती कॅसेट तशीच यंत्रात घालू नये. बुरशी हेडवर बसते, यंत्रात पसरते आणि पुढच्या कॅसेटला लागते. ती वेगळी ठेवून, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात कोरडी करून, तोंडाला फडकं बांधून साफ करावी लागते. हे किचकट आहे. पण ज्या मोबाइलच्या काचेवर चरा पडला म्हणून आपण रात्रभर हळहळतो, त्याच्या हिशेबात फारसं नाही.

या आळसावर जे पोसले जातात ते म्हणजे ‘जुन्या आठवणी पेनड्राइव्हमध्ये’ अशी पाटी लावणारे. मी त्यांचं काम पाहिलं आहे. बुरशीची कॅसेट, चांगली कॅसेट, सगळ्या एकाच यंत्रात, एकामागून एक. चित्राची मूळ चौकट चारास तीनची. ती ताणून सोळास नऊ करतात, म्हणजे नवरी लग्नातच लठ्ठ. कोपऱ्यात कायमचं दुकानाचं नाव आणि मोबाइल नंबर. मूळ आवाज बंद करून वर सिनेमाचं गाणं. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे, ‘बोअर भाग कापून देतो, साहेब.’ बोअर भाग कुठला? आहेर वाचून दाखवणारा मामा, पंगतीत वाढणाऱ्या बायका, कोपऱ्यात खुर्चीवर पेंगणारी आजी. नवरा-नवरीचे फोटो अल्बमात ढिगाने आहेत. आजी चालतीबोलती कुठे असेल तर त्या कापलेल्या भागात, आणि तो कापायचे वर पैसे मोजलेत.

आमच्याच इमारतीत एका बाईंना अशाच एका दुकानदाराने ‘कॅसेट कोरी आहे’ असं सांगून परत पाठवलं होतं. मुलीने अमेरिकेहून धाडलेली नातवाच्या बारशाची कॅसेट. कोरी कशाने असेल? तिकडची पद्धत एनटीएससी, ५२५ ओळींची. आपली पाल, ६२५ ओळींची. नुसत्या पाल यंत्रावर ती नीट दिसणारच नव्हती. दोन्ही पद्धती चालवणारं मल्टिसिस्टीम यंत्र लागतं, आणि त्या काळात परदेशात मूल असलेल्या घरांना ते पाठ होतं. दुकानदाराला माहीत नव्हतं, त्यात गुन्हा नाही. ‘मला माहीत नाही’ म्हणण्याऐवजी त्याने नातवाचं बारसंच पुसून टाकलं, हा गुन्हा.

कुणी म्हणेल, एका कालबाह्य डब्यासाठी केवढी ही आदळआपट! जेव्हीसीने १९७६ मध्ये व्हीएचएसचं पहिलं यंत्र आणलं, फुनाईने २०१६ च्या जुलैत बनवणं थांबवलं, चाळीस वर्षांत विषय संपला. संपला यंत्र बनवणाऱ्यांचा. ज्यांच्याकडे कॅसेटी आहेत त्यांचा आत्ता कुठे सुरू झालाय. युनेस्को आणि ध्वनी-चित्र संग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना आयएएसए यांनी २०१९ मध्ये जगभरच्या चुंबकीय टेपांसाठी धोक्याची घंटा वाजवली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की टेप एक वेळ टिकेल, पण ती वाजवणारी चालू यंत्रं, त्यांचे सुटे भाग आणि ती हाताळणारी माणसं २०२५ च्या सुमारास संपत येतील. म्हणजे अंबरनाथ पूर्वेचं दुखणं जगाचंच आहे. फक्त जगात त्याची चिंता करतात आणि आपल्याकडे ‘भंगारात टाका’ म्हणतात.

आणि हे आमच्याच गावाने म्हणावं! इथे ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, मशिन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आहे, विम्कोची आगपेटी इथे बनायची, आनंदनगर आणि मोरिवलीला एमआयडीसी आहे. लेथवर, मिलिंगवर, ग्राइंडरवर उभं राहून हे गाव पोट भरायला शिकलं. रविवारी सकाळी ओट्यावर कुणाचा पंखा उघडलेला, कुणाचा स्टो, कुणाची सायकल. त्या फिटर-टर्नरांची मुलं-नातवंडं आता बारा मजली इमारतींत राहतात आणि मिक्सरचा ब्रश बदलायला ‘माणूस’ बोलावतात. पाहुणे आले की त्यांना शके ९८२ चं, म्हणजे १०६० सालचं शिवमंदिर दाखवायला नेतात, शिल्पांपुढे सेल्फी काढतात, ‘आमचा वारसा’ म्हणून टाकतात. हाताने केलेलं काम हजार वर्षांचं असेल तर वारसा. तेच बापाने गेल्या पिढीत केलेलं असेल तर जुनाट.

इतिहासाचं म्हणाल तर १९८३ मध्ये हे गाव कल्याणच्या महापालिकेत ढकललं गेलं आणि १९९२ मध्ये पुन्हा वेगळं झालं. नेमकी तीच वर्षं व्हीएचएसची. त्या काळातलं गाव कुठे चालतंबोलतं शिल्लक असेल तर लग्नाच्या, गणपतीच्या, बारशांच्या कॅसेटींमध्ये. माझ्याकडे आमच्या कामगारांनी कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेसाठी बसवलेल्या नाटकाची तालीम आहे. लग्नांचं शूटिंग करणाऱ्याला पटवून घेतलेली. नाटक सुमार, अभिनय त्याहून सुमार, पण मागच्या खिडकीतून जुना स्टेशन रोड दिसतो. कौलं, टांगे, उघडी गटारं, सगळं. हे कुठल्याही दप्तरात नाही.

सरकारचं विचाराल तर दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राने २०२२ च्या जुलैत समिती नेमली आणि डिसेंबरात पोर्टलही सुरू केलं. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. छान. कंपन्यांनी सुटे भाग द्यावेत, माहिती खुली करावी, हे व्हायलाच हवं. पण उद्या कंपन्यांनी प्रत्येक स्क्रू घरपोच दिला, तरी तो फिरवणारा माणूस आणायचा कुठून? तो पोर्टलवर मिळत नाही.

तो माणूस आपण मारला. दुकानदारांवर एवढं तोंडसुख घेतल्यावर हेही सांगणं भाग आहे. टायर बदलायला सुटा भाग दोन वडापावांचा, पण रोग शोधायला, यंत्र उघडायला, साफ करायला, पुन्हा जुळवायला अर्धा दिवस जातो. त्या अर्ध्या दिवसाचे मेकॅनिकने पाचशे मागितले की आपण काय म्हणतो? ‘अहो, एवढ्याशा रबराचे पाचशे?’ रबर दिसतं, म्हणून त्याची किंमत कळते. रोग शोधणारं डोकं दिसत नाही, म्हणून ते फुकट. त्याच संध्याकाळी त्याच पाचशेचा पिझ्झा आपण हूं की चूं न करता मागवतो. मॉलमध्ये जो माणूस छापील किमतीपुढे मान खाली घालतो, तोच कारागिरापुढे वाघ होतो. मेकॅनिकही शिकला. ज्या कामात घासाघीस होते ते काम ‘होत नाही’ आणि ज्यात बॉक्स उघडून बॉक्स लावायचा ते ‘लगेच करून देतो’. बोर्ड बदलला की बिल वस्तूचं होतं आणि वस्तूच्या बिलाशी आपण भांडत नाही. तो खोटं बोलतो, कारण खऱ्याची किंमत द्यायची आपली दानत नाही.

आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक रेडिओ अँड टीव्ही’ नावाचा ट्रेड होता. तो शिकलेल्या किती जणांनी दुकानाचं शटर ओढलं आणि कुठल्या तरी गेटवर सुरक्षारक्षकाचा गणवेश चढवला, ते आपल्या आसपास बघा. सोल्डरिंगचा बारीक डाग देणारी बोटं आता सोसायटीच्या वहीत तुमच्या डिलिव्हरीवाल्याचा नंबर लिहितात. आणि आपण कट्ट्यावर बसून म्हणतो, हल्ली कारागीर राहिले नाहीत.

या सगळ्याची शेवटची पायरी तर आणखी हास्यास्पद. आता जुना व्हीसीआर लोकांना पुन्हा हवासा वाटतो, पण दिवाणखान्यात मांडायला. शेजारी पितळी कंदील, जुना रेडिओ, भिंतीवर सायकलचं चाक. एका घरात मी विचारलं, ‘चालतो का?’ यजमान हसले, ‘छे हो, शोपीस आहे.’ आणि कॅसेटी? ‘त्या मागच्या दिवाळीच्या साफसफाईत गेल्या.’ खोका पूजेला ठेवला आणि कॅसेटी कचऱ्याच्या गाडीत घातल्या. या माणसापेक्षा ‘भंगारात टाका’ म्हणणारा पहिला दुकानदार परवडला. त्याने निदान आठवणींचा आव आणला नव्हता.

तेव्हा ज्यांच्या माळ्यावर कॅसेटी पडून आहेत त्यांनी रडगाणं गाण्याआधी एवढं करावं. कॅसेटी खाली काढाव्यात, कोरड्या जागी उभ्या ठेवाव्यात, बुरशीच्या वेगळ्या कराव्यात. झाकणाचे चार स्क्रू स्वतः उघडून बघावेत. जमलं नाही तर ज्याला जमतं तो शोधावा, एक स्टेशन लांब असला तरी. आणि त्याने मजुरी सांगितली की ‘कमी करा’ म्हणून तोंड उघडू नये. तेवढी दानत नसेल तर आजीला खुशाल कचऱ्याच्या गाडीत घाला. फक्त नंतर फेसबुकवर ‘ते दिवस’ म्हणून गळे काढू नका.